धुऱ्यावरची हरळी

रेणापूरच्या अलीकडं, माळाच्या उतरणीला नीलाबाईचं दीड एकर रान. वरच्या अंगाला दयानंदचं. मधी धुरा, म्हणजे मातीचा बांध. तो गेला की वरचं पाणी थेट नीलाबाईच्या रानातून धावणार, आणि तिच्याकडं वीतभर मातीखाली नुसता मुरूम. म्हणून नवरा गुरुलिंग गेल्यापासून बाई घरापेक्षा धुऱ्याचीच राखण जास्त करायची.

दयानंदच्या लेखी धुरा म्हणजे फुकट पडलेली जमीन. दरसाल नांगराचं एखादं तास तो हळूच धुऱ्यात घुसवायचा. नीलाबाई त्याच्या खानदानाचा उद्धार करायची, तो ट्रॅक्टरवरलं गाणं मोठं करायचा. असा शेजारधर्म.

शेवटी बाईनं इलाज काढला. जी हरळी खणता खणता शेतकऱ्याची कंबर मोडते, ती तिनं ओढ्यातून उपटून आणली आणि धुऱ्यावर चक्क लावली.

"काकू, डोकं फिरलं का? हरळी कुनी लावतं का?"

"धुरा धरून ठेवती ती. तुज्यासारखी कोरत न्हाई."

"माज्या रानात घुसली तर?"

"घुसू दे की. तू कुठं इचारून घुसतूस?"

हे दयानंदला लई झोंबलं. बाई लेकीकडं उदगीरला गेलेली बघून त्यानं अख्ख्या धुऱ्यावर तणनाशक मारलं. ती परत आली तेव्हा हरळी वाळून कोळ झाली होती. त्या दिवशीच्या शिव्या गावात अजून नमुना म्हणून सांगतात.

सोयाबीन फुलात असताना पाऊस कोसळला आणि उघडा धुरा फुटला. दयानंदच्या रानात बैल उभा मावेल अशी घळ पडली. त्याची काळीभोर माती नीलाबाईच्या सोयाबीनवर येऊन बसली, पीक गाडलं गेलं. बाईनं शिव्या सोडून ती काळी माती मुठीत घेऊन दाबून बघितली. दयानंदला त्याचीच भीती वाटली.

वाफसा झाला, रान पाय ठेवण्याजोगं सुकलं, तसा तो ट्रॉली घेऊन हजर.

"माती माजी हाय काकू. भरून नेतो."

नीलाबाई गाळावरच मांडी घालून बसली. "ने की. पर तुजी कुठली, माजी कुठली, निवडून घे. आन् दरसाल धुऱ्यातून कोरलेली बी येगळी काढ. ती आमच्या मालकाची हाय."

ट्रॉली रिकामीच परतली.

आठवड्यानं दयानंद दोरी लावून धुरा घालताना दिसला. शेजारी पोत्यात ओली हरळी.

"खोल लाव रे, मुडद्या!" नीलाबाई खालून ओरडली.

"तुमाला इचारलं का?"

"आन् दोरी हातभर तुज्या अंगाला घे. तिथंच हुता धुरा."

दयानंदनं आधी शिवी हासडली, मग दोरीची खुंटी उपटली आणि वीतभर आपल्या अंगाला ठोकली.

"हातभर म्हनले!" बाई धुऱ्याकडं चालू लागली.