चक्रीवादळाची तयारी आणि गौरम्माची गाय

बंगळुरूला समुद्र नाही. त्यामुळे इथे चक्रीवादळ येत नाही. ते चेन्नईला येतं, आणि आपल्याकडे नुसती त्याची सर्दी पोचते. दोन दिवस आभाळ कुंद, थोडी भुरभुर, कपाटातले स्वेटर बाहेर, घरोघरी भजी. के. आर. पुरममधल्या आमच्या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मलाही होतं. पण मी सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनियर आहे, आणि निवृत्त इंजिनियरला नुसतं ठाऊक असून भागत नाही. त्याला काहीतरी करावं लागतं.

निमित्त झालं माझ्या साडूंचं. माझ्या बायकोची, मंगलची, थोरली बहीण शालनताई आणि तिचे यजमान वसंतराव चेन्नईला समुद्राजवळ राहतात. वादळाचा इशारा आला तसा वसंतरावांचा फोन आला.

"दिगंबरराव, दोन दिवस तुमच्याकडे येऊ म्हणतो. मुलं परदेशातून फोन करकरून घाबरवतायत."

"या की. इथे अगदी सुरक्षित असाल."

वसंतराव बँकेत मोठे अधिकारी होते. शर्टाला कायम इस्त्री, आवाज कायम खालच्या पट्टीत. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या एकाही गोष्टीचं कौतुक केलेलं नाही. आम्ही हे घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला आले, सगळ्या खोल्या पाहिल्या आणि म्हणाले, "हवा येते." बस्स. या वेळी मात्र त्यांच्या तोंडून निदान एक 'वा' काढायचाच, असं मी ठरवलं.

"अहो, वादळ चेन्नईला आहे," मंगल म्हणाली.

"विशाखापट्टणमला असताना मी वादळ पाहिलंय," मी म्हणालो. (पाहिलं म्हणजे, गेस्ट हाऊसमध्ये झोपलो होतो. सकाळी उठलो तेव्हा झाडं पडलेली होती. पण अनुभव तो अनुभव.)

मी अंगणापासून सुरुवात केली. वादळात कुंड्या उडतात. म्हणून झाडून सगळ्या कुंड्या आत आणल्या. हॉलमध्ये मंगलने ठेवू दिल्या नाहीत, तेव्हा बाथरूममध्ये लावल्या. जास्वंद, गुलाब, क्रोटन, कोरफड, आणि नळाखाली निवडुंग. मग खिडक्या. प्रत्येक काचेवर खाकी चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या. समोरून जाणाऱ्या भाजीवाल्याने थांबून विचारलं, "घर विकलं का सार?"

मग पाणी. वादळात पहिल्यांदा वीज जाते, वीज गेली की पंप बंद, पंप बंद की टाकी कोरडी. म्हणून घरातलं एकूण एक भांडं मी भरून ठेवलं. पातेली, कळशा, परात, कुकर, लोणच्याची रिकामी बरणी, इडलीपात्र. वाट्यासुद्धा सोडल्या नाहीत. दमून ओट्याला टेकलो आणि म्हणालो, "जरा चहा टाक."

मंगलने शांतपणे विचारलं, "कशात?"

ओट्यावर, फरशीवर, फ्रीजवर, सगळीकडे पाणी काठोकाठ होतं. एक भांडं रिकामं करावं तर ते ओतायचं कुठे, कारण ज्यात ओतायचं तेही भरलेलं. सिंकमध्ये ओतू द्यायला मी तयार नव्हतो. साठा तो साठा. शेवटी मी चहाच्या पातेल्यातलं पाणी पिऊन टाकलं आणि मग चहा झाला. तो प्यायला मला जागा उरली नव्हती.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडे माझं लक्ष गेलं आणि घोटाळा झाला.

आमच्या शेजारच्या मोकळ्या जागेत गौरम्मा म्हणून एक म्हातारी राहते, ती एक गाय पाळते. गल्लीतली निम्मी घरं तिचंच दूध घेतात. गाईचं नाव कावेरी. तिचा गोठा म्हणजे चार बांबू आणि वर गंजके पत्रे. पत्र्यांवर उडू नयेत म्हणून दगड. मला घाम फुटला. वादळात माणसं पाण्याने नाही, उडत्या पत्र्यांनी मरतात, हे मी कुठेतरी ऐकलं होतं.

"गौरम्मा," मी माझ्या बेळगावी कानडीत म्हणालो (या कानडीला ती नेहमी हसते), "हे पत्रे उडतील. उडता पत्रा माणसाची मान कापतो."

"कुणाची?"

"माझी. आमचं घर वाऱ्याच्या बाजूला आहे."

तिने वर आभाळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "मग काय करायचं म्हणता, सार?"

"काढून खाली ठेवू. वादळ गेलं की मी स्वतः बसवून देतो."

"सरी," ती म्हणाली, म्हणजे ठीक आहे. तिला वाटलं असावं की हा माणूस सकाळी सकाळी हौसेने काम करतोय तर करू द्यावं.

मी शिडी लावून पत्रे काढले. पत्रे निघाले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. इतकी वर्षं बांबूंनी पत्रे धरले नव्हते, पत्र्यांनी बांबू धरले होते. शेवटचा पत्रा उचलला आणि सगळा गोठा एखाद्या थकलेल्या माणसाने खाली बसावं तसा हळूच बसला. कावेरी एक पाऊल बाजूला झाली आणि रवंथ करत राहिली. तेवढ्यात भुरभुर सुरू झाली.

गौरम्मा पुढे झाली. तिने कावेरीचं दावं सोडलं आणि माझ्या हातात दिलं.

"हिचे दिवस भरलेत," ती म्हणाली. "आज-उद्या व्यायची. आता हिला कुठे ठेवायची ते तुम्ही सांगा."

मी गाय घेऊन आमच्या पोर्चमध्ये आलो, मागोमाग गौरम्मा. मंगल दारात उभी होती.

"पोर्चमध्ये बांध आणि ये आत," ती म्हणाली. रागावली की ती मला अरे-तुरे करते.

"पोर्च सुरक्षित नाही," मी म्हणालो. आणि खरंच, कालपासून मी गल्लीभर हेच सांगत फिरत होतो की वादळात पोर्चमध्ये कुणीही उभं राहू नये. गौरम्माने ते ऐकलं होतं.

"सार म्हणालेत तसंच," ती म्हणाली. "जिवंत प्राणी पोर्चमध्ये ठेवायचा नाही."

दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या आणि कावेरी आत आली. गाभण गाय आणि आमचं दार यांच्यात दोन बोटांचं अंतर राहिलं, पण ती मोठ्या डौलाने आली, जणू आमंत्रण होतं. खिडकीच्या गजाला, टीव्हीसमोर तिला बांधली. गौरम्मा बादली घेऊन सोफ्याच्या कडेला बसली. तिपाईवर वर्तमानपत्र होतं, पहिल्याच पानावर वादळाची मोठी बातमी. कावेरीने ते सावकाश, पूर्ण खाल्लं.

मग मी शेवटचं काम केलं. घरात प्लायवूडच्या जुन्या फळ्या होत्या, त्या हॉलच्या खिडक्यांवर आणि पुढच्या दारावर बाहेरून ठोकल्या. लांब खिळे वापरले. वाऱ्याचा भरवसा नसतो.

"आणि गाईला बाहेर जायचं झालं तर?" मंगलने विचारलं.

"वादळात कोण बाहेर जातं?"

यावर तिने जे केलं ते अजून आठवतं. ती गेली आणि गौरम्माशेजारी बसली.

दुपारी पाहुणे आले. पुढचं दार बंद पाहून ते फिरून मागच्या दाराशी आले. आमचं मागचं दार अरुंद आहे. वसंतराव बॅग डोक्यावर धरून आडवे होऊन स्वयंपाकघरात शिरले. भांडी चुकवत, पाय उचलून टाकत, ते हॉलच्या उंबऱ्यापर्यंत पोचले. आत काळोख, कारण खिडक्यांना फळ्या, आणि मेन स्विच मी खबरदारी म्हणून आधीच बंद केलेला. काळोखात कुणीतरी मोठ्याने श्वास सोडला.

"कुणी आलंय का?" वसंतरावांनी अदबीने विचारलं.

"शेजारची आहे," मी म्हणालो.

मी टॉर्च लावली. वसंतरावांनी कावेरीकडे पाहिलं, कावेरीने वसंतरावांकडे. दोघंही सभ्य. शालनताई मात्र मंगलचा हात धरून तिला आत घेऊन गेली आणि तिने दबक्या आवाजात विचारलेलं मला ऐकू आलं, "कधीपासून असं करतात गं हे?"

प्रवासाचा शीण म्हणून वसंतराव अंघोळीला गेले. आतून बराच वेळ नुसती पानांची सळसळ ऐकू आली. मग एकदा "आई गं" असं ऐकू आलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या कोपरावर ओरखडा आणि खांद्यावर जास्वंदीचं पान होतं.

"गुलाब छान आलाय," ते म्हणाले.

'वा' नव्हतं, पण जवळपास होतं.

मग त्यांच्या चेन्नईच्या शेजाऱ्याचा फोन आला. वसंतरावांनी तो ऐकला, 'हो, हो' केलं आणि ठेवला. "वादळ उत्तरेकडे वळलं म्हणे," ते म्हणाले. "आमच्याकडे ऊन पडलंय. त्यांनी गाद्या वाळत घातल्यात."

मी फळीच्या फटीतून बाहेर पाहिलं. भुरभुरही थांबली होती. समोरच्या घरी कपडे दोरीवर होते. पिवळं ऊन तिरपं पडलं होतं आणि वाऱ्याने पानही हलत नव्हतं. आत आम्ही पाच माणसं आणि एक गाय काळोखात बसलो होतो.

"आता फळ्या काढाव्यात," मी म्हणालो.

"थांबा," गौरम्मा म्हणाली. "हिला कळा सुरू झाल्या."

इथून पुढे कुणाला हसू आलं नाही. कावेरी खाली बसली, उठली, पुन्हा बसली. तिचा श्वास बदलला. मी धावत जाऊन मेन स्विच लावला तर नेमकी वीज गेलेली. (ही वादळाने नाही गेली. रोज त्या सुमाराला जाते.) वसंतरावांनी माझ्या हातातली टॉर्च घेतली आणि इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या. बराच वेळ नुसते पुढचे दोन खूर दिसत होते, पुढे काही सरकत नव्हतं. गौरम्माचा चेहरा मी पहिल्यांदाच घाबरलेला पाहिला. "वासरू अंगाने मोठं दिसतंय," ती पुटपुटली. "ओढायला हवं. माझ्या हातात तेवढा जोर नाही."

त्या क्षणी मला माझा गोठा पाडण्याचा उत्साह, खिळे, फुल्या, सगळं आठवलं. ही गाय म्हणजे त्या म्हातारीचं सगळं घर होतं.

"दिगंबरराव, तुम्ही डावीकडून धरा," वसंतराव म्हणाले. टॉर्च त्यांनी शालनताईकडे दिली होती आणि ते फरशीवर मांडी घालून बसले होते. मंगलने जुनं धोतर आणून खुरांभोवती गुंडाळलं. कावेरीला कळ आली की गौरम्मा 'हं' म्हणायची आणि आम्ही दोघं साडू ओढायचो. आमच्या नात्यात इतकं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं. चौथ्या-पाचव्या खेपेला एकदम सगळं सैल झालं, आम्ही दोघं मागे आपटलो, आणि आमच्या मांडीवर एक ओलं, गरम, लांब पायांचं वासरू होतं.

ते हलेना. गौरम्माने त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, अंग खसाखसा चोळलं. मग ते शिंकलं. वसंतरावांच्या तोंडावर.

"वा," वसंतराव म्हणाले. (हा 'वा' मी माझ्या खात्यावर धरलेला नाही.)

"पाणी आणा," गौरम्मा म्हणाली, आणि मंगलने माझ्याकडे बघत म्हटलं, "पाणी भरपूर आहे आपल्याकडे." परातीपासून वाट्यांपर्यंत सगळं कामी आलं.

कालवड होती. गौरम्माने तिचं तोंड आईच्या सडाला लावलं आणि भिंतीला टेकून डोळे पुसले. मला वाटलं, आता ही मला बोल लावणार. ती म्हणाली, "सार, गोठ्यात असती तर या वेळी ओढायला दोन माणसं मिळाली नसती." मला जरा बरं वाटलं. मग ती म्हणाली, "पण गोठा उद्या बांधून द्या."

आता मायलेकींना बाहेर काढायचं होतं आणि मागचं दार वसंतरावांनाच पुरत नव्हतं. मी बाहेर जाऊन पुढच्या दारावरची फळी उपसायला लागलो. लांब खिळे चांगले बसले होते. पहार लावली, जोर केला, आणि फळी निघाली. तिच्याबरोबर एका बाजूची चौकट निघाली, चौकटीबरोबर वरचं प्लास्टर आलं आणि प्लास्टरबरोबर पोर्चमधला दिवा. समोरचे लोक जमले. कावेरी त्या भगदाडातून कालवडीसह संथपणे बाहेर पडली. त्या वादळात आख्ख्या बंगळुरात नुकसान झालेलं एकच घर होतं, आणि ते सगळ्यांत चांगल्या तयारीचं होतं.

पुढच्या वर्षी चेन्नईला पुन्हा इशारा आला. मी लगेच फोन लावला.

"वसंतराव, निघा आणि इकडे या. या वेळी मी आधीपासूनच तयारीला लागलोय."

पलीकडे मागे समुद्राचा आवाज येत होता, चांगलाच मोठा.

"नको," ते खालच्या पट्टीत म्हणाले. "नुसतं वादळच आहे. आम्ही इथेच काढू."