दौलत मिस्त्रीचं तेलाचं चेंबर

लालबागेत आवई उठली, की दौलत मिस्त्री मोटारीला नैवेद्य दाखवतो. नुकताच बुद्धाला शरण गेलेला माणूस, अन् लोखंडापुढे कणकेचा गोळा ठेवतो म्हणे!

साफ खोटं. गोळा होता, नैवेद्य नव्हता.

सत्तावन्नची निवडणूक तोंडावर आली होती. समितीचे कार्यकर्ते शामराव यांच्या पंचवीस वर्षं जुन्या मोटारीवर प्रचाराचा भोंगा बांधून रविवारी परळ-दादर फिरायचं ठरलं, अन् नेमकं तिचं इंजिन बसलं. दौलतनं शब्द दिला, "रविवारी गाडी रस्त्यावर." दुसऱ्या गाडीचं धडधाकट इंजिन आणलं. पण त्याच्या पोटाखालचं तेलाचं चेंबर पुढून खोल. थेट पुढच्या अ‍ॅक्सलवर टेकलं.

"चार बोटं काप नि वेल्डिंग मार रे," शामराव करवादले. "रविवार चार दिवसांवर आलाय!"

"कापतो की. मग तेल मावंल बशीभर. टिळक ब्रिजच्या चढावर इंजिन कोरडं पडलं, तर भोंगा तुम्ही ढकलत नेणार का, शामराव?"

दोन दिवस कुर्ल्याचं भंगार धुंडाळून त्यानं त्याच जातीच्या इंजिनाचं, पण ट्रकला बसणारं चेंबर मिळवलं: पुढे उथळ, मागे खोल. तेल ओढणारी नळीही मागे वळवली. पण गाडी खड्ड्यात आपटली की अ‍ॅक्सल वर उसळणार. तेव्हा मधे किती जागा उरते, ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्यानं बायकोकडून, शेवंतीकडून, कणीक मागून आणली, गोळा अ‍ॅक्सलवर थापला अन् चाळीतली सहा माणसं मडगार्डवर चढवून गाडी हिंदकळवली. खाली वाकून बघतो, तर गोळा कागदासारखा चपटलेला.

"पापड झाला की वो!" शेवंती म्हणाली. "आता तरी कापा."

"कापत न्हाई. इंजिन उचलतो जरा. दे अजून कणीक."

पाचव्या गोळ्याला बोटभर जाडी उरली, तेव्हा कुठे तो हसला. घरात तोवर पिठाचा डबा खडखडत होता.

रविवारी मोटार टिळक ब्रिज चढली. तेलाचा दाब दाखवणारा काटा ढिम्म हलला नाही. "उताराला तेल पुढे पळणार, नळी राहणार मागे. काटा पडतोच बघा!" अशी पैज मी मारली होती; एरवी भोंग्यावर मी पुढाऱ्यांच्या आवाजांची नक्कल करायचो. चेंबरच्या आत त्यानं तेल अडवायला पत्र्याचा आडपडदा ठोकलाय, हे मला काय ठाऊक! उतार संपला, काटा जिथल्या तिथे. हरेल त्यानं दिवसभर भोंग्यावर घोषणा द्यायच्या, त्याही स्वतःच्या आवाजात, कुणाची नक्कल न करता. माझा खरा आवाज इतका किरटा आहे, हे परळकरांना त्या दिवशी कळलं.