गलबतावरचा अध्याय

वाती निम्म्या वळून झाल्या होत्या, तेवढ्यात साखराबाई दारातूनच ओरडली, “गीताबाई, आज बी तात्याबानं आपल्याच गोतावळ्याला आधी कडबा वाटला गं! तुझ्या म्हशीला नुसता चुरा उरला.”

म्हैस गाभण. असंच चाललं तर ती पुन्हा उठायची नाही, हे गीताबाई जाणून होती. कापूस ताटलीत टाकून ती छावणीकडं निघाली.

त्या बहात्तरच्या दुष्काळात नांदूरघाटाच्या अलीकडच्या एका गावी सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली होती. तात्याबा तिचे चेअरमन. तिन्हीसांजेला तिथंच मारुतीपुढं वाचन व्हायचं. पोथ्या संपल्या तेव्हा राधाकिशन गुरुजींनी समुद्रावरची एक जुनी कादंबरी आणली. बायांनी तिलाही चौरंगावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. गुरुजी वाचायचे, गीताबाई अर्थ सांगायची, अगदी पोथीसारखं.

त्या दिवशीच्या अध्यायात वारं पडून गलबत अडकलं होतं. पाण्याचं पिंप कप्तानाच्या खोलीत. तो आधी आपल्या हुजऱ्यांना पाजायचा. गुरुजी थांबून म्हणाले, “हा टोमणा लिहिणाऱ्यानं त्याच्या देशाच्या राजाला मारलाय. उघड नाव घेतलं तर तुरुंग, म्हणून राजाला गलबतावर बसवलं.”

“सांगा अर्थ, गीताबाई,” पुढं बसलेले तात्याबाच म्हणाले.

तिनं पदर सावरला. “सोपा हाय, दादा. गलबत म्हंजे छावणी. पाणी म्हंजे कडबा.”

मागं कुणीतरी खाकरलं, आणि सगळे हसले.

“आन् कप्तान कोन?” मेंढरं राखणाऱ्या म्हाळूनं मुद्दाम विचारलं.

“मला कावून इचारतो? तूच वळख की!”

तात्याबा लालबुंद झाले. “बंद करा ते पुस्तक!”

“चौरंगावरचा अध्याय अर्धा सोडत न्हाईत, दादा. तुमी तर नारायणगडाची वारी न चुकवणारे.”

तात्याबांचा हात गळ्यातल्या माळेकडं गेला. उठू लागले होते, ते परत बसले. गुरुजींनी पुढं वाचलं. खलाशांनी पिंप उघड्यावर आणलं, सगळ्यांत थकलेल्याला पहिला पेला दिला, आणि कप्तानाला रांगेत उभं केलं.

अध्याय संपला. तात्याबा उठले. “गुरुजी, लई वंगाळ पुस्तक आणलंत बघा. उद्यापून कडबा समद्यांम्होरं तोला. गाभण जनावर पयलं. गोदामाची किल्ली बायांकडं.”

मारुतीरायाचा जयजयकार पार शिवारापर्यंत गेला.

सकाळी पहिली पेंढी गीताबाईच्या म्हशीपुढं पडली. गीताबाई तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

“पर त्या कुलपाची दुसरी किल्ली तात्याबाच्या घरी हाय,” साखराबाई कुजबुजली.

गीताबाई नवं कुलूप आणायला केजला निघाली.