पाठमोरी

उदगीरहून निघालेली बस भालकीच्या स्टँडवर थांबली, तोवर माझं अंग पार आंबून गेलं होतं. खिडकीची काच वर जाईना की खाली येईना, आणि सगळी धूळ माझ्याच नाकात. तिथं एक म्हातारी चढली, शेजारी टेकली आणि गाडी हलायच्या आत माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. तिची झोप मोडू नये म्हणून मी बीदरपर्यंत आखडून बसले.

बीदर आलं. तांबडी माती, तांबडा दगड, वर विमानांची घरघर. म्हातारीनं डोळे उघडून कुठं चाललाव विचारलं. मी नौबाद म्हटलं, तर तीही तिकडंच निघालेली. विहारातल्या भिंतीवरचं चित्र बघायला आलेय, हे ऐकून तिला हसू आवरेना.

"माझ्या भाच्याची भित हाय ती. तिच्यापायी कामून हाडं मोडून घ्यायलाव?"

आम्ही एकाच रिक्षानं गेलो.

भाचा म्हणजे माणिकअण्णा. साठीच्या पुढचा, किडकिडीत. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, फ्लेक्स आले आणि हातातलं काम गेलं. आता त्यानं विहाराच्या भिंतीवर वस्तीची मिरवणूक काढली होती. वस्तीनं धम्म घेतला त्या दिवशीची, पांढऱ्या कपड्यांतली. त्या दिवसाचा एकही फोटो कुणाकडं नाही. म्हणून घरोघरची माणसं समोर येऊन बसत, माणिकअण्णा नातवंडांकडं बघून चेहरा काढी आणि म्हातारे तो दुरुस्त करत. आज्याचे कान मोठे होते, नाक इतकं सरळ नव्हतं. एका मिशीवरून तर दोन भावांचं चांगलंच वाजलं होतं म्हणे.

माणिकअण्णाकडं जेवायला ज्वारीची भाकरी आणि पुंडीपल्ल्या (अंबाडीची भाजी) होती. जेवल्यावर मला तिथंच सतरंजीवर आडवं व्हावंसं वाटत होतं, पण म्हातारीनं, म्हणजे त्याच्या मावशीनं, भिंत दाखव म्हणून त्याच्यामागं धोशा लावला.

मिरवणुकीच्या अगदी पुढं एक बाई होती, तिला चेहराच नव्हता. ती माणिकअण्णाची आई. तो लहान असतानाच ती गेली. तो एकुलता एक, वळणानं बापावर गेलेला. त्याची पोरं त्याच्या बायकोवर. बघून काढावं असं घरात कुणीच नाही. चेहरा तीनदा काढून पुसला होता, तिथला चुना काळवंडला होता. उद्या अनावरण. तिचा चेहरा सांगू शकेल अशी एकटी मावशीच उरली होती, पण मावशीचा स्वतःचा तोंडवळा बहिणीसारखा नव्हता म्हणे.

मावशी भिंतीसमोर बसली. तो एकेक विचारत गेला. कपाळ कसं, हनुवटी कशी, गोंदण कुठं. ती बराच वेळ बघत राहिली आणि एकदम रडायला लागली.

"मलाबी आठवंना रे माणका. सख्खी भन माझी, अन् तोंड आठवंना."

माणिकअण्णानं ब्रश पाण्यात टाकला आणि खाली बघत बसला.

मग मावशीनं डोळे पुसले, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि चालून दाखवायला लागली. डावा खांदा उचललेला, मान ताठ, टाच दाबून. डोईवर गवताचा भारा घेऊन अक्का अशी चालायची म्हणाली.

माणिकअण्णा बघतच राहिला. "व्हय," तो हळूच म्हणाला. "मी मागंच असायचो. तिच्या सावलीत."

ओल्या फडक्यानं त्यानं ती अख्खी बाई पुसली आणि पाठमोरी काढायला घेतली. विहाराच्या कमिटीतले एक गृहस्थ कुरकुरले, उद्या पाहुणे येणार अन् पुढची बाईच लोकांकडं पाठ करून?

"सगळ्यांची तोंडं सगळ्यांनी सांगितली," माणिकअण्णा मागं न वळता म्हणाला. "माझ्याकडं तिची पाठच हाय. तेवढी तर काढू द्या."

अंधार पडायच्या आत डावा खांदा उचलला गेला. मावशीनं मान डोलावली.

अनावरणाला थांबायचं त्राण माझ्यात नव्हतं. परतीच्या बसमध्ये अंग ठणकत होतं, झोप येईना, म्हणून माझी आई आठवून बघितली. चेहरा लगेच आला. घरातल्या भिंतीवरच्या, हार घातलेल्या फोटोतला, स्टुडिओतल्या खुर्चीवर हात टेकून ती उभी असलेल्या. मग ती चालायची कशी, ते आठवायला लागले. भालकी गेलं, पुढची गावं गेली. उदगीर आलं तरी आई तिथंच उभी होती, खुर्चीला धरून.