दहा पावलांचा उजेड

टॉर्च भर दुपारी विकत घ्यावा लागतो, हीच मुळात गंमत आहे. चप्पल पायात घालून बघता येते, साडी दुकानाच्या दारात उन्हात नेऊन बघता येते. टॉर्च ज्यासाठी घ्यायचा तो अंधार मात्र दुकानात नसतो. जवाहर चौकातल्या त्या दुकानदाराने मला आणि बाबांना मागच्या गोदामात नेलं, दार ओढून घेतलं आणि खोक्यांच्या पलीकडच्या भिंतीवर पांढराशुभ्र गोळा पाडला.

"दीदी, आधा किलोमीटर तक मारेगी," तो म्हणाला. भिंत होती बारा फुटांवर.

मी त्या गोळ्यावर भाळले. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेली बाई मी, कोटेशनांवर शेरे मारण्यात हयात गेली, आणि एका भिंतीवरच्या उजेडाला भुलले. बाबा तेवढ्यात बाहेर काउंटरवरचा एक साधा टॉर्च हातात घेऊन उभे होते. हिरवा प्लास्टिकचा, दोन सेलांचा, एलईडीचाच, पण सरकवायचं बटण असलेला. किंमत आमच्या गोळ्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी. ते बटण वर करत होते, खाली करत होते. टक, टक.

"हा चालेल की," ते म्हणाले.

"बाबा, खेळणं आहे ते. ठेवा," मी म्हटलं.

त्यांनी ठेवला. बाबांनी आयुष्यभर साहेबांचं ऐकलं, आणि घरातली साहेब आता मी होते.

टॉर्च लागत होता दुधासाठी. आम्ही तुळशी नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. आजोबा ऑफिसच्या बदलीबरोबर नागपूरहून भोपाळला आले तेव्हा बाबा शाळेत होते. आधी आजोबांच्या नावावर क्वार्टर होतं, मग बाबांच्या, आता माझ्या. तीन पिढ्या भोपाळात काढून स्वतःची एक वीट नाही, ते असो. आमच्या लायनीतली निम्मी घरं रिकामी झाली आहेत. रिकाम्या घरांपुढचे खांबावरचे दिवे एकेक करून गेले आणि कुणी बदलले नाहीत. मी तीन अर्ज केले. अर्ज कुठे जातात हे मला ऑफिसात बसून पुरेपूर माहीत आहे, तरी केले. त्यात दिवाळीनंतर पाइप टाकायला म्हणून कुणी ठेकेदार आला, कंबरभर खोल चर खणला, वर एक फळी टाकली आणि गेला तो गेलाच.

बाबा रोज पहाटे पाचला बूथवरून दूध आणत. बँक मोबाइलवर गेली, विजेचं बिल मोबाइलवर गेलं, भाजी मी येताना आणते. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाकडे घरातलं एकच काम उरलं होतं, ते म्हणजे दुधाच्या दोन पिशव्या. कापडी पिशवी, कानटोपी, मफलर असा थाट करून ते निघत, जणू सचिवालयात फाईल घेऊन चाललेत. येताना कोणाकडे कोण आलंय, कोणाची बदली झाली, अशी बातमी आणत. ते काम त्यांच्याकडून काढून घेतलं असतं तर ते दिवसभर खुर्चीत बसून राहिले असते. म्हणून मी म्हटलं, थंडीत पाचला मिट्ट काळोख असतो, चांगला टॉर्च घेऊ. हेतू चांगला होता. चांगल्या हेतूने माणूस काय काय करून बसतो, त्याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

जुना टॉर्च होता आमच्याकडे. बाबा त्याला बॅटरी म्हणत. स्टीलचा, तीन सेलांचा. त्याला सरकवायचं बटण होतं, आणि त्याच्या वर एक लहानसं लाल बटण. ते दाबलं की उजेड, सोडलं की अंधार. बाबांनी सरकवायचं बटण कधी वापरलेलं मला आठवत नाही. त्यांची चालायची एक रीत होती. टक करून समोर उजेड पाडायचा, रस्ता डोळ्यांत साठवायचा, बंद करायचा आणि दहा पावलं अंधारात टाकायची. पुन्हा टक. लहानपणी आम्ही दोघं भावंडं त्यांच्या मागून चालायचो. "बघून ठेवा," ते म्हणायचे, आणि अंधार व्हायचा. मी एकदा सगळा रस्ता टॉर्च चालू ठेवला तर घरी आल्यावर ऐकावं लागलं होतं, "सेल काय झाडाला लागतात?" त्या काळी प्रत्येक मराठी घरात हेच वाक्य असावं. आम्ही अंधारात चालायला शिकलो ते सेल वाचवण्याच्या नादात.

तो टॉर्च दिवाळीच्या आवराआवरीत निघाला तेव्हा आतला सेल फुटून पाझरला होता, स्प्रिंग गंजून गेली होती. मी तो भंगारवाल्याला दिला. बाबा म्हणाले, "स्प्रिंग मिळते बाजारात." मी म्हटलं, "बाबा, किती दिवस तेच ते."

मग पुण्याहून धाकट्या भावाचं मार्गदर्शन सुरू झालं. "ताई, इतक्या ल्युमेनच्या खाली घेऊ नकोस, उजेड कमी पडेल. ताई, चार्जिंगचाच घे. ताई, झूमवाला बघ." उंटावरून शेळ्या हाकायला आमचा भाऊ पटाईत. बाबांना भेटायला दोन वर्षांतून एकदा येतो आणि ल्युमेनचा आकडा रोज पाठवतो. पण दोष त्याला देऊन मी सुटणार नाही. गोळा मी पाहिला, पसंत मी केला, घासाघीस मी केली. पन्नास रुपये कमी करून घेतले याचा आनंद संध्याकाळपर्यंत पुरला.

घरी आल्यावर अंधार पडला तसा मी मागच्या पाण्याच्या टाकीवर उजेड पाडून बघितला. टाकी लख्ख. दूरच्या चिंचेच्या फांद्या मोजता येतील इतका उजेड. पायाशी काय दिसतं ते मी बघितलंच नाही. पुढे कळलं की असले टॉर्च लांब बघायला असतात, शेतावरच्या राखणीला वगैरे. म्हाताऱ्या माणसाला लांबची टाकी नको असते, पुढच्या दोन पावलांतला दगड हवा असतो. त्याला पसरट, मवाळ उजेड लागतो, आणि चालू-बंद एवढंच करणारं बटण. हे सगळं मी आता कुणालाही पाठ म्हणून दाखवीन.

या टॉर्चचं बटण शहाणं होतं. एकदा दाबलं की प्रखर, दुसऱ्यांदा मंद, तिसऱ्यांदा उघडझाप, चौथ्यांदा बंद. बाबांच्या दहा पावलांच्या रितीत हे कुठे बसणार? ते दाबायचे, रस्ता बघायचे, बंद करायला पुन्हा दाबायचे, तर मंद. पुन्हा दाबायचे, तर डोळे मारल्यासारखी उघडझाप. त्यांचा अंगठा थरथरतो, त्यामुळे कधी एकाच्या जागी दोनदा दाबलं जायचं.

"याचं बटण जरा हट्टी आहे," दुसऱ्या दिवशी ते म्हणाले.

"बाबा, बंद करूच नका ना. चार्जिंगचा आहे. जळू द्या सारखा."

"हो," ते म्हणाले. पण उजेड विनाकारण जळत ठेवणं म्हणजे त्यांच्या लेखी नळ उघडा टाकून झोपणं. ते त्यांच्याच्याने होणार नव्हतं, आणि हे मला माहीत होतं. मीच तर त्यांची मुलगी. एका पहाटे खिडकीतून बघितलं तर लायनीतून त्यांचा उजेड चालला होता, प्रखर, मंद, उघडझाप, अंधार, पुन्हा प्रखर. मला हसू आलं. मी भावाला फोनवर सांगितलं, "बाबा दिवाळी करत जातात दुधाला." आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्या हसण्याची मला आज शरम वाटते.

पौषातली पहाट. सव्वापाचला परतणारे बाबा पावणेसहा झाले तरी आले नाहीत. मी शाल घेतली आणि निघाले. आमच्या फाटकातून बघितलं तर पुढे चरापाशी एक दिवा उघडझाप करत होता. मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. मनात म्हटलं, चला, ठेकेदाराला अक्कल आली, धोक्याचा दिवा लावला एकदाचा. फळी त्या दिव्याच्या अलीकडे होती. मी मोबाइलच्या उजेडात फळीवरून जपून गेले, दिव्याकडे वळूनसुद्धा न बघता, आणि तडक बूथवर पोचले.

"बाबूजी तो आज आए ही नहीं," बूथवाला म्हणाला.

मी म्हटलं, घरून पाचलाच निघाले. तो पेटी उचलता उचलता थांबला. "गड्ढे पे वो बत्ती जल रही है न, हमने सोचा ठेकेदार ने लगाई है. हम भी उधर से घूम के आए."

मी धावले. बाबा चरात एका अंगावर पडले होते, कानटोपी डोळ्यांवर आलेली. टॉर्च त्यांच्या हाताच्या वर मातीत रुतून आकाशाला डोळे मारत होता. तिघा-चौघांनी तो उजेड पाहिला होता आणि सगळे शहाण्यासारखे त्याला वळसा घालून गेले होते. त्यांतली एक मी.

खुब्याचं हाड मोडलं होतं. बूथवाल्याने आणि मी त्यांना वर काढलं तेव्हा ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तो बंद कर आधी. मघापासून जळतोय. मला बंदच करता येईना."

ऑपरेशन झालं. इस्पितळात चौथ्या दिवशी त्यांनी सांगितलं, आणि न सांगते तर बरं झालं असतं, "तुझ्या चपला ऐकू आल्या होत्या गं फळीवर. हाक मारली. आवाज फुटला नाही." मी उठून बाहेर गेले आणि जिन्यात बसून रडले. भाऊ आला, चार दिवस राहिला, डॉक्टरांना इंग्रजीत प्रश्न विचारले आणि परत गेला. जाताना म्हणाला, "ताई, स्वतःला दोष देऊ नकोस." तेवढं सांगायला विमानाने यायची गरज नव्हती. चर त्याच आठवड्यात बुजवला गेला. माझे तीन अर्ज जिथे पोचले नाहीत तिथे एक म्हातारा पडून पोचला.

बाबा वॉकर धरून खाटेपासून मोरीपर्यंत जातात, त्यापुढे नाही. दूध आता एक जण फाटकाला अडकवून जातो.

फेब्रुवारीत मी एकटीच जवाहर चौकात गेले. तो हिरवा प्लास्टिकचा टॉर्च काउंटरवर अजून होता. दुकानदार म्हणाला, "दीदी, ये मत लो, इससे अच्छा दिखाता हूँ." मी त्याच्याकडे असं बघितलं असणार की त्याने मुकाट्याने सेल घालून दिले.

बाबांनी तो हातात घेतला, दोनदा बटण सरकवलं. "हाच ना तो?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "चांगला आहे," ते म्हणाले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

तो त्यांच्या उशाशी असतो. पहाटे पाचला त्यांना जाग येते, अजूनही येते. शेजारच्या खोलीत मला ऐकू येतं. टक. भिंतीवरचं घड्याळ बघतात. टक. सेल वाचवतात. मग अंधारातूनच विचारतात, "दूध आलं का गं?"