अप्पा कारखानीसांचा चारा

गळ टाकणाऱ्या माणसाच्या पिशवीत मासे असतील-नसतील, किस्से असतातच. मासा दुपारच्या जेवणात संपतो. किस्सा वर्षानुवर्षं टिकतो आणि दर वेळी सांगताना बोटभर वाढतो. आमच्या चौकडीकडे असे इतके साठलेत की विचारू नका. गंमत म्हणजे त्यातले निम्मे माशांचे नाहीतच, चाऱ्याचे आहेत. आणि चाऱ्याचे म्हणाल तर सगळेच्या सगळे अप्पा कारखानीसांचे!

चौकडी म्हणजे मी, रेल्वेतले पवार, महेंद्रभाई आणि अप्पा. दर रविवारी सकाळी बडोद्याबाहेर, वाघोडियाच्या पुढे एका तलावावर आम्ही ठेकेदाराच्या परवानगीने बसतो. येताना सेवउसळ खातो. महेंद्रभाई शुद्ध शाकाहारी. मासा पकडतात, त्याची क्षमा मागतात आणि सोडून देतात. अप्पा बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी अठरा वर्षांत गळाने पकडून घरी नेलेले मासे किती? मी वाढवून सांगतो असा माझा लौकिक आहे, पण इथे वाढवायला जागाच नाही. शून्य.

मागच्या वर्षी अप्पांचं पुण्याला मुलाकडे जायचं ठरलं. कायमचं. सातवा मजला, दिवाळीनंतर मुक्काम. तेव्हा अप्पांनी आमच्यासमोर सांगून टाकलं, "जायच्या आधी एक मासा. माझ्या गळाचा, हिच्या तव्यावर."

काकू पोहे देत होत्या. म्हणाल्या, "मसाला मी कधीच वाटून ठेवलाय. अठरा वर्षं झाली."

*

चाऱ्यात मात्र अप्पांचा हात धरणारा बडोद्यात कुणी नाही. गांडुळं कुठे मिळतात हे त्यांना वासावरून कळतं. फतेगंजातल्या एका नर्सरीत ते दर शुक्रवारी जायचे, कुंड्या एकेक करून उचलायचे आणि खालची गांडुळं डब्यात भरायचे. नर्सरीच्या मालकीणबाई एकदम धार्मिक. त्यांनी विचारलं, "कारखानीसभाई, यांचं करता काय?"

आता त्यांना मासे कसे सांगणार? अप्पा म्हणाले, "सेवा करतो."

झालं. पुढच्याच आठवड्यात बाईंनी आपल्या बागकाम मंडळात अप्पांचं भाषण ठेवलं. चाळीस मिनिटं बोलले. माती ओली हवी पण चिखल नको, वर्तमानपत्राचे तुकडे घालावेत, लिंबाची सालं अजिबात नकोत, मीठ तर शत्रूच. मी मागे बसलो होतो, मलाच दोन गोष्टी नव्याने कळल्या. शेवटी एका आजींनी विचारलं, "भाई, इतकं जपता, मग शेवटी त्यांचं काय होतं?"

अप्पांनी चष्मा पुसला. म्हणाले, "शेवटी सगळ्यांना पाण्यात सोडतो."

सगळ्या बायकांनी हात जोडले.

*

इतकं असून मासा का लागत नाही, याचा शोध पवारांनी लावला. रेल्वेत माणूस चौकशी समित्यांवर मुरलेला. तीन रविवार अप्पांच्या शेजारी बसून त्यांनी नुसतं निरीक्षण केलं. निष्कर्ष असा की अप्पा टपोरी, जिवंत गांडुळं आम्हाला वाटतात आणि स्वतःच्या गळाला जे मरतुकडं असेल ते लावतात.

"अप्पा, हे काय?" पवार म्हणाले. "माशाला उपासाचं ताट वाढताय होय?"

"अरे, दोन-दोन महिने सांभाळलेली गांडुळं ती. हाताने टोचवत नाहीत मला."

"मग आम्हाला का देता?"

"तुम्ही टोचता तेव्हा मी तिकडे बघत नाही."

शेजारी महेंद्रभाई आदल्या दिवशीच्या मेथीच्या ढेबऱ्याचा तुकडा गळाला लावून बसले होते. पाच मिनिटांत हातभर रोहू. त्याला सोडता सोडता त्यांनी अप्पांकडे बघून गांडुळांची चौकशी केली, "अप्पा, तमारां अळसियां मजामां छे ने?"

"त्यांना काय धाड भरलीय," अप्पा म्हणाले. "मासे त्यांच्याकडे ढुंकूनसुद्धा बघत नाहीत."

*

अप्पांची गांडुळं फ्रीजमध्ये राहायची. खालच्या कप्प्यात, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, झाकणाला बारीक भोकं पाडून. काकूंची एकच अट होती, डब्यावर नाव हवं. पण 'गांडुळं' असं लिहिलं तर येणारा-जाणारा पाणी प्यायला फ्रीज उघडणार आणि वाचणार. अप्पांचे आजोबा संस्थानच्या दफ्तरात होते, त्यामुळे अप्पांना थोडी मोडी येते. त्यांनी कागदाच्या पट्टीवर झकास मोडीत लिहून ती झाकणाला चिकटवली. आणि हौस म्हणून शेजारच्या खऱ्या श्रीखंडाच्या डब्यावरही मोडीतच लिहिलं. त्याच्या झाकणालाही, दोन्ही सारखे दिसावेत म्हणून, तशीच पट्टी चिकटवली.

मोडी लिहिता येणं वेगळं आणि आपण लिहिलेली मोडी सकाळी साडेपाचला चष्म्याशिवाय वाचता येणं वेगळं. तलावावर पोचून अप्पांनी डबा उघडला. आत केशर-वेलची!

महेंद्रभाई खूश. "अप्पा, आज पहिल्यांदा खाण्यालायक चारा आणलात," म्हणून त्यांनी बोट बुडवलंसुद्धा.

अप्पांचा चेहरा मात्र पडला होता. त्या दिवशी घरी काकूंच्या माहेरची माणसं पुरी-श्रीखंडाला यायची होती. तेवढ्यात फोन वाजलाच. स्पीकर चालू होता, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. काकूंचा आवाज एकदम शांत.

"अहो, तुमचा डबा इथेच राहिलाय. पाहुणे सहा आहेत. प्रत्येकी किती वाढू?"

*

त्यानंतर गांडुळांना फ्रीज बंद झाला, ती गॅलरीतल्या कुंडीत गेली. अप्पा म्हणाले, हरकत नाही, मरळ पकडायचा तर जिवंत मासळीच लागते. त्यांनी कालव्यातून मच्छरदाणीच्या कापडाने बोटाएवढी मासळी गाळून आणली आणि बाथरूममधल्या टबात सोडली. नळाचं पाणी दिवसभर बादलीत ठेवून मगच टबात. मांडवीच्या बाजारातून बुडबुडे सोडणारा पंप आणला. सावलीसाठी आत दोन विटा. काकू अर्ध्या बादलीत, भिंतीला टेकून आंघोळ करायला लागल्या.

रविवार यायच्या आत निम्मी मासळी गायब. पुन्हा आणली, पुन्हा गायब. असं तीन-चार महिने चाललं. अप्पांनी खिडकीला जाळी बसवली, कारण शेजारची मांजर. मग दाराला कडी लावली. एकदा तर माझ्याकडेच संशयाने बघितलं.

शेवटी पवारांची चौकशी समिती बसली. त्यांनी टब पाहिला, जाळी पाहिली, काकूंचा जबाब घ्यायला गेले. काकू म्हणाल्या, "मला काय विचारता, बंडूला विचारा."

"बंडू कोण?"

काकूंनी वाकून टबातली वीट उचलली. खाली काळाभोर, मनगटाएवढा जाड मरळ. शेपटीची एक कड विटेला घासून फाटलेली. पहिल्या खेपेला मासळीबरोबर मरळाचं पिल्लू आलं होतं, आणि अप्पा दर आठवड्याला त्याला ताजं जेवण पुरवत होते!

"तुम्हाला माहीत होतं?" अप्पा म्हणाले.

"म्हणजे काय? मासळी संपली की मी तुमच्या कुंडीतली गांडुळं घालते त्याला. टपोरी बघून. हातातून घेतो."

पवार म्हणाले, "अप्पा, मिटलं की. अठरा वर्षांचा प्रश्न सुटला. उचला आणि तव्यावर टाका."

अप्पा टबावर वाकले. "गळाने पकडलेला नाही," ते म्हणाले. "हा धरायचा नाही."

काकूंनी वीट परत जागेवर ठेवली. अगदी हलक्या हाताने.

*

शेवटचा रविवार. सामान बांधून झालं होतं. सातव्या मजल्यावर बंडूला नेणार कसं, म्हणून त्याला तलावात सोडायचं ठरलं. काकू पहिल्यांदाच तलावावर आल्या. एका हातात बादली, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत मसाल्याचा डबा होता. म्हणाल्या, "असू दे. तुमचं काही सांगता येत नाही."

बंडूला सोडलं. महेंद्रभाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. बंडू एकदा वळला आणि खाली गेला. काकू पाण्याकडे पाठ करून बसल्या.

मग अप्पांनी गळ काढला. डबा उघडला, नेहमीसारखं मरतुकडं शोधलं. आणि ते टाकून सगळ्यात टपोरं गांडूळ उचललं. डोळे बारीक करून स्वतः टोचलं.

दहा मिनिटं झाली असतील. दोर ताणला गेला.

"सोडू नका," पवार म्हणाले. "हळू. हळू घ्या."

घेतला अप्पांनी, अगदी व्यवस्थित, काठापर्यंत. काळाभोर मरळ. अठरा वर्षांतला पहिला. पवारांनी टाळी वाजवायला हात वर केले आणि तसेच ठेवले.

शेपटीची एक कड फाटलेली होती.

अप्पांनी गुडघ्यावर बसून, ओल्या बोटांनी त्याच्या तोंडातला गळ सोडवला. खूप वेळ घेतला. मग मासा दोन्ही हातांत धरून त्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी मासा बघितला, पिशवीतला मसाल्याचा डबा बघितला, मग उठून बादली तलावात बुडवून भरली आणि अप्पांच्या पुढ्यात ठेवली.

आणि फोन काढून मुलाला लावला.

"अरे, तुमच्या फ्लॅटला बाथरूम दोन आहेत ना? ... हं. त्यातलं टबवालं कुठलं?"