बदामाच्या पानाचा द्रोण

सगळ्यात आधी सांगते — मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. भुताखेतांच्या या सदरातले पैंजण आणि पांढऱ्या साड्या वाचून मी आजवर हसतच आले. आमचं बौद्ध घर, आणि बाबा इतके कडक की पाहुण्याच्या दंडावरचा ताईतसुद्धा सोडायला लावायचे. मी वरठीला शाळेत विज्ञान शिकवते. तेव्हा हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण कुठेतरी बोलायलाच हवं...

त्याआधी एक कबुली. बाबा गेले तेव्हा नागपूरच्या दवाखान्यात त्यांच्याजवळ मी एकटीच होते. ऑपरेशन व्हायचं होतं, पाण्याचा थेंबही द्यायचा नाही अशी ताकीद होती. त्यांनी तीनदा मागितलं. "सुजाता, घोटभर पानी दे वो." मी त्यांना कारणं समजावत बसले, शिकलेली ना मी! ऑपरेशनच्या आधीच ते गेले. आई गावाहून, करडीहून, धावतपळत पोचली आणि तिनं पहिलं हेच विचारलं, "पानी देलं होतं ना?" मी म्हटलं, हो, दोन चमचे. तिचा चेहरा निवळला. नंतर येईल त्याला ती तेच सांगायची, पोरीच्या हातचं पाणी पिऊन गेले म्हणून. हे खोटं होतं, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

दोन वर्षांनी, डिसेंबरात, आईला चैत्यभूमीवर घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी परतीची गाडी रात्रीची होती, म्हणून दुपारी वांद्र्याच्या किल्ल्यावर गेलो. किल्ला म्हणजे आता बागच. दगडी दरवाजा, थोडी तटबंदी, बाकी हिरवळ, पायवाटा आणि समोर सी-लिंक. आईला मोतीबिंदू होता, माणसांचे चेहरे तिला पुसटच दिसायचे. पण समुद्र दिसला.

"एवढं पानी," ती म्हणाली, "आन् बांधीले काही कामाचं नाही." धानाच्या बांधीत जन्म गेलेली बाई, दुसरं काय म्हणणार.

तिला तहान लागली. आमची बाटली संपली होती आणि बागेतला नळ कोरडा. दरवाज्याजवळच्या बदामाच्या झाडाखाली तिला बसवून मी बाहेर रस्त्यावर बाटली आणायला गेले. फार तर दहा मिनिटं लागली.

परत आले तर आईचा पदर ओला, ओठ ओले. हातात बदामाच्या पानाचा द्रोण.

"एका मानसानं देलं पानी," ती म्हणाली. "झाडायले पानी घालून राहिला होता. आपल्याकडचाच होये, बोलन्यावरून समजलं. डोक्याले दुपट्टा गुंडाळून होता. गोड पानी वो, आपल्या गावच्या बोडीतल्या पान्यासारखं."

मी म्हटलं, बरं झालं. मग ती पुढे बोलली.

"मले म्हने, पोरीनं मले मरता मरता पानी नाही देलं, पन तू पी. मस्करी करून राहिला असन. पन असे लेकरं असतात का वो? मी सांगतलं त्याले, माह्या पोरीनं तं बापाले शेवटचं पानी पाजलं."

कसंबसं विचारलं, "मग काय म्हणाला?"

"मंग म्हने, हे पोरीसाठी ठेव." आणि तिनं द्रोण माझ्यापुढे केला. तळाशी पाणी होतं. दोन चमचे असेल.

द्रोण नीट पाहिला. काडी टोचलेली नव्हती, पानाचंच देठ वळवून आत खोचलेलं. धान रोवण्याच्या दिवसांत शेताच्या धुऱ्यावर बसून बाबा पळसाच्या पानाचा द्रोण असाच करायचे. आईला तो कधी जमला नाही. मलाही नाही.

मी सगळी बाग पालथी घातली. जोडपी होती, फोटो काढणारी पोरं होती. दुपट्टेवाला कोणी नाही. दरवाज्यावरचा वॉचमन म्हणाला, "माळी सकाळीच येऊन जातात, ताई." झाडांच्या बुडाला हात लावून पाहिला, माती कोरडी ठणठणीत.

मी स्वतःला खूप समजावलं आहे. त्या दिवसांत आपल्याकडची हजारो माणसं मुंबईत असतात. त्यातलाच एखादा असेल, बाटलीतलं पाणी दिलं असेल, मस्करीच केली असेल. द्रोण तसा वळणारे बाबा काही एकटेच नसतील. एकेक गोष्ट पटते... सगळ्या मिळून पटत नाहीत.

ते पाणी मी प्यायले नाही. आईची पाठ वळली तेव्हा गवतात ओतून दिलं. भीती वाटली, दुसरं काही नाही. याचं मात्र मला आजही रडू येतं.

आईचा मोतीबिंदू नंतर काढला. आता तिला सगळं स्वच्छ दिसतं. करडीला गेले की ती अधूनमधून त्या माणसाची आठवण काढते, आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारते, "त्याच्या पोरीनं मंग देलं असन का वो त्याले पानी?"

"दिलं असेल, आई," मी म्हणते.